खिळे जुळवणारे हात

वाचक मंडळी, हे पान आज तुमच्या हातात आहे. त्यावरची अक्षरं तुम्ही स्वतः वाचता. 'अरे, एवढं जरा वाचून दाखव' असं म्हणत दुसऱ्याच्या दारात जायची वेळ आता राहिली नाही. पण ही अक्षरं कागदावर येतात कशी, याचा विचार कधी केला आहे का?

वर्तमानपत्रावर संपादकाचं नाव छापलेलं असतं. मालकाचं असतं. लिहिणाराचंही असतं. पण ज्याने एक एक अक्षर हाताने जुळवलं, त्याचं नाव कुठेच नसे. त्या माणसाला जुळारी म्हणत. छापखान्यातले लोक त्याला कंपोझिटर म्हणत. अशी माणसं तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं एकाच कामात राबली. मग एक दिवस तो धंदाच बसला. तो कसा बसला आणि त्या माणसांचं पुढे काय झालं, ते आज पाहू. कारण आज जे त्यांचं झालं, ते उद्या आपल्याही धंद्याचं होऊ शकतं.

खिळा म्हणजे काय

खिळा म्हटलं की आपल्याला भिंतीत ठोकायचा खिळा आठवतो. छापखान्यातला खिळा वेगळा. तो शिशाचा असतो. बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. त्याच्या एका टोकाला एक अक्षर उठून आलेलं असतं, तेही उलटं. आरशात दिसतं तसं. त्यावर शाई लावून कागद दाबला की अक्षर सुलट उमटतं.

असे शेकडो प्रकारचे खिळे लाकडी पेटीच्या खणांत ठेवलेले असत. एका खणात सगळे 'क', दुसऱ्यात सगळे 'म', तिसऱ्यात काना. इंग्रजीत मूळ अक्षरं छब्बीस. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि वर जोडाक्षरं. म्हणून मराठी जुळाऱ्याची पेटी फार मोठी. खिळ्यांची ही संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांनीही पुष्कळ खटाटोप केला होता.

जुळारी पेटीपुढे उभा राही. डाव्या हातात छोटी पट्टी. उजवा हात खणांवरून फिरे. नजर समोरच्या कागदावर. पेटीकडे पाहायची त्याला गरज नसे. घरातली बाई अंधारातही मिठाचा डबा बरोबर काढते ना, तसंच हे. एक खिळा, दुसरा खिळा, शब्द झाला. शब्दाला शब्द जोडून ओळ झाली. ओळींचं पान झालं. छापून झालं की पुन्हा एक एक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं. पुण्यात १८८१ साली 'केसरी' निघाला. ही सारी पत्रं अशाच हातांनी जुळवली. लोकांना जागं करणारं अक्षर न् अक्षर आधी या माणसांच्या बोटांतून गेलं.

घड्याळजीने केलेलं यंत्र

हा धंदा कसा बदलला ते नीट समजून घ्यायचं, तर आपल्याला थोडं लांब जावं लागेल. अमेरिकेत न्यूयॉर्क नावाचं मोठं शहर आहे. तिथे हे सारं आपल्या आधी घडलं.

ओटमार मर्गेनथालर नावाचा एक जर्मन तरुण होता. घड्याळं दुरुस्त करण्याचं काम तो शिकला होता. १८७२ साली तो अमेरिकेत गेला. तिथे त्याने बरीच वर्षं खपून एक यंत्र तयार केलं. ३ जुलै १८८६ रोजी न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' या वर्तमानपत्रात ते पहिल्यांदा कामाला लागलं. त्याला लायनोटाइप म्हणतात.

हे यंत्र असं चाले. कामगार खुर्चीवर बसून नव्वद बटणांच्या पाटीवर बोटं चालवी. बटण दाबलं की त्या अक्षराचा पितळी साचा वरून घसरत खाली येई. ओळभर साचे जमले की त्यांच्यावर वितळलेला धातू ओतला जाई. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचं ते मिश्रण. पाणी उकळायला शंभर अंश उष्णता लागते. या धातूला त्याच्या अडीच पटीहून जास्त लागे. क्षणात सबंध ओळ ओतून तयार. मग पितळी साचे आपोआप वर जात आणि आपापल्या खणात पडत. जे काम माणूस तासभर उभं राहून करी, ते यंत्र काही मिनिटांत करू लागलं.

हाताने जुळवणारे घाबरले. घाबरणारच. पण त्यांनी यंत्र फोडलं नाही. त्यांचा संघ होता. संघाने मालकांना सांगितलं, "यंत्र आणा. पण ते आमचीच माणसं चालवतील, आणि मजुरी आम्ही ठरवू ती." पुष्कळ ठिकाणी मालकांना ते मानावं लागलं. पुढे छपाई स्वस्त झाली. आठ पानांची वर्तमानपत्रं मोठी झाली. काम वाढलं आणि माणसंही वाढली. पहिल्या फेरीत यंत्राने धंदा मारला नाही, वाढवला.

त्यानंतर सुमारे नव्वद वर्षं हे यंत्र चाललं. मुलगा बापाच्या मागे त्याच कामाला लागे. पाच-सहा वर्षं उमेदवारी करावी तेव्हा तो पुरा कारागीर होई. बहिऱ्या माणसांनाही इथे मानाची भाकरी मिळे. अमेरिकेतल्या बहिऱ्यांच्या शाळांत छपाईचं काम शिकवीत. यंत्रांच्या खडखडाटाचा त्यांना त्रास नव्हता, आणि हाताच्या खुणांनी त्यांचं बोलणं होई.

संपाचे ११४ दिवस

दुसरी फेरी आली ती निराळी होती. आता संगणक येऊ घातला. त्याला धातू नको, भट्टी नको, साचा नको. अक्षरं थेट फिल्मवर किंवा कागदावर उमटू लागली. हे यंत्र चालवायला सहा वर्षांची उमेदवारी लागत नाही. टंकलेखन येणारा माणूस पुरे.

८ डिसेंबर १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या छापखाना कामगारांनी संप केला. पगार हवा होता, आणि नव्या यंत्राचं भयही होतं. सात वर्तमानपत्रं बंद पडली. ३१ मार्च १९६३ पर्यंत, म्हणजे ११४ दिवस, संप चालला. संप मिटला. कामगारांना काही मिळालंही. पण १९६७ पर्यंत त्या सातांपैकी तीनच पत्रं उरली. संप हे एकच कारण नव्हतं. लोक दूरचित्रवाणी पाहू लागले होते, आणि शहर सोडून लांब राहायला गेले होते. तरी बंद पडलेल्या पत्रांत जी माणसं होती, त्यांची भाकरी गेलीच.

इथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. कामगारांची प्रत्येक मागणी शहाणपणाची होती असं नाही. काही जाहिराती बाहेरून तयार जुळवून येत. तरी संघाचा नियम असा, की ती जाहिरात आमच्या माणसाने पुन्हा जुळवायची. ती छापली जात नसे. जुळवायची आणि वितळवायची. मजुरी मात्र द्यायची. असं पोकळ काम फार दिवस टिकत नाही. हे मालकांना कळत होतं आणि कामगारांनाही कळत होतं.

कागदावर घेतलेला शब्द

मग १९७४ साली दोन्ही बाजू बसल्या. संघाचा पुढारी होता बर्ट्रम पॉवर्स. बारा वर्षांपूर्वीचा संप त्यानेच चालवला होता. 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'डेली न्यूज' या दोन पत्रांशी करार झाला. करार थोडक्यात असा: मालकांनी हवी ती नवी यंत्रं आणावी, संघ आडवा येणार नाही. मात्र आज जे जुळारी कामावर आहेत, त्यांच्यापैकी कुणालाही यंत्रामुळे काढायचं नाही. जन्मभर त्यांची नोकरी राहील.

मंडळी, हा करार केव्हा झाला ते ध्यानात घ्या. जुनी यंत्रं तेव्हा चालू होती. रोजचं वर्तमानपत्र या माणसांवाचून निघत नव्हतं. हातात काहीतरी होतं, तेव्हाच त्यांनी बोलणं केलं. आणि तोंडी नाही, लेखी केलं.

१ जुलै १९७८ च्या रात्री 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये ही यंत्रं शेवटची चालली. त्या रात्रीची हकिकत एका चित्रपटात टिपून ठेवली आहे. तो काढणारा माणूस त्याच छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करी. काहींनी त्या रात्रीच निवृत्ती घेतली. बाकीच्यांना नवं काम शिकवलं. कागदावर छापून आलेले मजकुराचे तुकडे चाकूने कापायचे आणि पानावर चिकटवायचे. ज्यांनी उकळता धातू हाताळला, त्यांच्या हातात आता कात्री आणि मेण आलं. हुन्नर गेला याचं दुःख त्यांना होतंच. पण घरी पगार जात होता. मुलांची शाळा सुटली नाही.

या कराराची एक कडू बाजूही आहे. जन्मभराची हमी होती ती कामावर असलेल्यांना. नव्या मुलांना या कामात घेणं थांबलं. म्हणजे धंदा वाचला नाही. माणसं वाचली, आणि त्यांच्याबरोबर धंदा सावकाश संपला.

लंडनला काय झालं

आता दुसरं उदाहरण पाहा. इंग्लंडमध्ये लंडन शहरातही छपाई कामगारांचे मोठे संघ होते. तिथे 'टाइम्स', 'सन' आणि आणखी दोन साप्ताहिक पत्रं एकाच कंपनीची होती. मालक रूपर्ट मर्डॉक. नव्या यंत्रांवरून बोलणी चालली होती, पण जुळत नव्हती. मालकाने वॉपिंग नावाच्या भागात नवा छापखाना उभारला होता. जुन्या कामगारांवाचून तो चालेल अशी तयारी त्याने गुपचूप केली.

२४ जानेवारी १९८६ रोजी कामगारांनी संप पुकारला. मालकाने पाच हजारांहून अधिक लोकांना कामावरून काढून टाकलं. पत्रं नव्या जागी छापून निघू लागली. कामगार वर्षभर त्या दाराबाहेर उभे राहिले. थंडी-पावसात उभे राहिले. पोलिसांशी झटापटी झाल्या. फेब्रुवारी १९८७ मध्ये लढा संपला. नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत.

न्यूयॉर्कचे कामगार शूर आणि लंडनचे भित्रे, असं काही नव्हतं. शौर्य दोन्हीकडे होतं. फरक वेळेचा होता. न्यूयॉर्कला करार झाला तेव्हा मालकाला त्यांच्या हातांची गरज होती. लंडनला भांडण पेटलं तेव्हा ती गरज संपली होती.

आपल्या तालुक्यातले काका

ही झाली परदेशातली मोठी शहरं. आपल्याकडे हेच लहान प्रमाणावर झालं. १९९० च्या सुमारास तालुक्यातालुक्यांतून संगणक आले, आणि खिळ्यांचे छापखाने एकामागून एक बंद पडले.

आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका तालुक्याच्या एका छापखान्यात छापून येत. तिथे एक जुळारी होते. सगळे त्यांना काकाच म्हणत. शिक्षण चौथीपर्यंत. पण ऱ्हस्वदीर्घ असं पक्कं, की आमच्या शिक्षकांच्या चुका ते काढीत. "गुरुजी, 'परीक्षा'तली री दुसरी हो," असं म्हणून हसत. कागदावर काही असो, पट्टीत बरोबरच जाई.

एका वर्षी गेलो तर पेट्या जागेवर नव्हत्या. खिळे पोत्यांत भरलेले. मोडीच्या भावाने शिसं विकायचं ठरलं होतं. कोपऱ्यात नवा संगणक, आणि समोर एक विशीतला मुलगा.

मी विचारलं, "काका, आता कसं?"

ते म्हणाले, "कसं काय गुरुजी, दोन महिन्यांचा पगार देतो म्हणालेत. एकतीस वर्षं झाली. पण माझं नाव कुठल्या कागदावर आहे? हजेरीची वही नाही. पगाराची पावती नाही. कोर्टात जाऊ तर काय दाखवू, ही काळी बोटं?"

मला पुढे बोलवेना. ज्या माणसाने एकतीस वर्षं सगळ्या तालुक्याचे कागद छापले, त्याच्या स्वतःच्या हक्काचा एक कागद नव्हता. पुढे काका घरी बसून लग्नपत्रिकांची मुद्रितं तपासून देत. एका पत्रिकेमागे थोडे पैसे मिळत. संगणकावरच्या मुलाला ऱ्हस्वदीर्घ येत नव्हतं, म्हणून तेवढं तरी काम उरलं.

आता कागदही कमी झाला

पुढची फेरी आली ती इंटरनेटची. यात जुळारी तर नव्हतेच. आता छपाईचं यंत्र चालवणारे, गठ्ठे बांधणारे, गाडीने पोचवणारे यांच्यावर पाळी आली.

वर्तमानपत्राला पैसा मिळतो तो मुख्यतः जाहिरातींतून. अंकाची किंमत खर्चाला पुरत नाही. घर भाड्याने देणं आहे, नोकर पाहिजे, जुनी गाडी विकायची आहे, अशा छोट्या जाहिराती पूर्वी पत्रात येत. त्या आता फोनवर फुकट देता येतात. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना २००५ साली जाहिरातींतून सुमारे ४,९०० कोटी डॉलर मिळत. २०२० साली ते १,००० कोटींच्याही खाली आले. पंधरा वर्षांत पाच रुपयांचा एक रुपया झाला म्हणा ना.

लंडनच्या 'इंडिपेंडंट' पत्राने मार्च २०१६ मध्ये कागदावर छापणं बंद केलं. न्यूयॉर्कच्या शेजारच्या नेवार्क शहरातलं 'स्टार-लेजर' २ फेब्रुवारी २०२५ रोजी शेवटचं छापलं गेलं. त्याचा छापखानाही बंद झाला. पत्रं उरली आहेत, पण फोनच्या आणि संगणकाच्या पडद्यावर. आपल्याकडे वर्तमानपत्रं अजून छापली जातात, चावडीवर आणि चहाच्या दुकानात वाचलीही जातात. पण शहरातल्या तरुण पोरांच्या हातात कागद क्वचितच दिसतो.

आपण यातून काय घ्यायचं

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आम्ही काही छापखान्यात नाही. खरं आहे. पण गावातला तेलाचा घाणा आठवा. कल्हईवाला आठवा. आज उसाच्या फडात तोडणीची यंत्रं दिसू लागली आहेत. एक यंत्र किती कोयत्यांचं काम करतं ते तोडणीला जाणाऱ्यांना ठाऊक आहे. यंत्र येतंच. रस्त्यात आडवं पडून ते थांबत नाही. पण आपलं काय होणार, हे पुष्कळदा यंत्र ठरवत नाही. आधी काय बोलणं झालं आणि काय लिहून ठेवलं, यावर ते ठरतं.

म्हणून तीन गोष्टी मनात ठेवा.

पहिली गोष्ट. बोलणं वेळेवर करा. मालकाला, मुकादमाला तुमच्या हातांची गरज आहे तोवरच तुमच्या शब्दाला वजन आहे. आणि एकट्याने बोलू नका, दहाजण मिळून बोला.

दुसरी गोष्ट. जे ठरेल ते लेखी घ्या. उचल किती घेतली, किती फिटली, दर काय, हे वहीत मांडा आणि समोरच्याची सही घ्या. कामावर असाल तर नेमणुकीचा कागद, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक जपून ठेवा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी बरीच वर्षं नोकरी करून बाहेर पडताना ग्रॅच्युइटी म्हणून रक्कम मिळण्याचा कायदा आहे. पण किती वर्षं काम केलं याचा पुरावा लागतो. पुरावा म्हणजे कागद. आणि सही किंवा अंगठा देण्याआधी कागद स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येतं. 'नंतर वाचतो' म्हणू नका.

तिसरी गोष्ट. हातातलं काम चालू असतानाच शेजारचं एखादं काम शिकून ठेवा. न्यूयॉर्कचे कारागीर कात्री धरायला शिकले. आमच्या काकांना ऱ्हस्वदीर्घ येत होतं, त्यानेच शेवटी थोडा आधार दिला. तोडणी करणाऱ्याच्या मुलाने तोडणीयंत्र चालवायला आणि दुरुस्त करायला शिकलं, तर यंत्र त्याच्या बाजूचं होईल.

मंडळी, खिळे आता वितळून गेले. पण त्या खिळ्यांनी छापलेली पानं अजून ग्रंथालयांत आहेत. कधी जुनं पुस्तक हातात आलं, तर पानावरून हलकेच बोट फिरवा. कागद जाड असेल तर अक्षराचा दाब बोटाला लागतो. तो दाब कुणाच्या तरी श्रमाचा आहे. ते पान आदराने वाचा, आणि आपल्या हक्काचा कागद त्याहून जास्त लक्ष देऊन वाचा.